वेलांटी आधी की ‘क’ आधी?

मी दहा वर्षं बेळगावात दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आला, कामं आटली, म्हणून वेबसाइट बनवायला शिकलो. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात अडलो. यादीत ‘दुसऱ्या’ हा शब्द समोर दिसत होता, पण शोधला की सापडायचा नाही. वाटलं, इथूनही घरी जावं लागणार!

मग मुळापासून शिकलो. पाटीवर डावीकडून रंगवत गेलं की ‘कि’मध्ये वेलांटी आधी येते. संगणक मात्र उच्चाराचा क्रम धरतो: आधी ‘क’, मग वेलांटी. युनिकोडमध्ये दोघांना वेगळे क्रमांक आहेत. अक्षर जोडून दाखवायचं काम फॉन्ट करतो.

‘ऱ्या’मधला तो आडवा र दोन प्रकारे साठवता येतो. एकात नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. रूप एकच, क्रमांक वेगळे. म्हणून शोध फसत होता. सगळीकडे पहिली पद्धत केली आणि शब्द सापडला.

तपासताना काही ठिकाणी ‘दुसर्या’ असा चुकीचा रफारही निघाला. तो इतर कोणाच्या नजरेत आला नव्हता. माझ्या लगेच आला. ब्रश सुटला, पण त्यानं दिलेली नजर सुटली नाही.

करून पाहा: ‘कि’ टाइप करा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. बहुतेक ठिकाणी वेलांटी जाईल, ‘क’ उरेल. का, ते आता तुम्ही सांगा.