उटकटारा ओळखायचा कसा?



गेल्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरील बचत गटाच्या बायकांनी पाच दिवस राबून दोन पोती काटेरी झाडे गोळा केली. आठवडे बाजारात जडीबुटी घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना "ब्रह्मदंडी आणा" एवढेच सांगितले होते. माल घेऊन त्या गेल्या, तेव्हा त्याने एक पोते उपडे केले, काठीने चाळले आणि म्हणाला, "यात तीन तऱ्हेची झाडे आहेत, मला चालणार नाहीत." बायका दोन्ही पोती डोक्यावर घेऊन परत आल्या. पाच दिवसांची मजुरी बुडाली, हातांत काटे रुतले ते वेगळेच.

त्यांतले एक पोते आमच्या वसतिगृहाच्या ओट्यावर आले. "बाई, तुम्ही सायन्स शिकवता ना, मग यातली खरी कुठली ते सांगा," असे त्या म्हणाल्या. मी निवडायला बसले आणि पोत्यात खरोखरच तीन झाडे निघाली. व्यापाऱ्याने माल नाकारला यात त्याची चूक नव्हती. मात्र मागणी करताना त्याने झाडाची एक फांदी दाखवली असती, तर हा प्रसंग आला नसता. त्या दिवसापासून आम्ही मुलींसाठी आणि बायकांसाठी जो धडा घेतो, तो या अंकात मांडत आहे. सध्या थंडीचे दिवस असल्याने ही झाडे माळावर फुलोऱ्यात आहेत. आपल्यापैकी जे गावाकडे राहतात, त्यांना धडा वाचता वाचता झाडही पाहता येईल.

एक नाव, तीन झाडे

घोटाळ्याचे मूळ नावातच आहे. औषधी बाजारात ब्रह्मदंडी म्हणून बहुधा ट्रायकोलेपिस ग्लॅबेरिमा ही वनस्पती घेतात. पण कित्येक ठिकाणी उटकटाऱ्यालाही ब्रह्मदंडीच म्हणतात. दक्षिणेकडे, तेलुगू आणि तमिळ मुलखांत, ब्रह्मदंडी म्हणजे आपला पिवळा धोत्रा. तिन्ही काटेरी, तिन्ही कोरड्या पडीक जमिनीत वाढणारी. नुसत्या नावावर विसंबून गोळा करणाऱ्या बाईच्या पोत्यात ही तिन्ही आली, तर तिला दोष कसा द्यावा?

उटकटाऱ्याचीही नावे बरीच आहेत: उंटकटारा, उटकटारी, कुठे काटेचुंबक. संस्कृतात उत्कंटक. उंट याचे काटे जुमानत नाही आणि झाड आवडीने खातो, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. उन्हाळ्यात खानदेशातून उंट आणि मेंढ्या घेऊन जाणारे रबारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते सहज पटेल.

शास्त्रीय नाव मात्र सगळीकडे एकच, एकिनॉप्स एकिनॅटस. यातला पहिला शब्द प्रजातीचा. तो ग्रीक भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'साळूसारखा दिसणारा', म्हणजे अंगभर काटे असलेल्या छोट्या प्राण्यासारखा. दुसरा शब्द जातीचा, आणि त्याचाही अर्थ काटेरीच. नाव ठेवणाऱ्याला काट्यांनी चांगलेच सतावले असावे!

हे नाव ठेवले विल्यम रॉक्सबर्ग यांनी. ते कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि 1815 साली वारले. भारतातील वनस्पतींची त्यांनी लिहिलेली वर्णने त्यांच्या पश्चात छापण्याचे काम श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी अंगावर घेतले. 1832 साली तेथील मिशनच्या छापखान्यातून त्या ग्रंथाचे तीन खंड निघाले आणि तिसऱ्या खंडात आपल्या उटकटाऱ्याचे वर्णन आले. कॅरी आपल्याला शास्त्राच्या भाषांतरांमुळे माहीत आहेत. मराठीचे व्याकरण (1805) आणि कोश (1810) तयार करणारे म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. पण माळावरचे काटेरी झाडही त्यांच्याच छापखान्यातून जगापुढे आले, हे मुलींना सांगितले तेव्हा त्या अंमळ चकित झाल्या.

चेंडू कापून पाहा

आता मुख्य भाग. उटकटाऱ्याचा गोल, काटेरी चेंडू दिसला की आपण त्याला फूल म्हणतो. तो फूल नाही, फुलांचा साधा गुच्छही नाही. हातमोजा किंवा जाड फडके घेऊन एक चेंडू तोडावा आणि विळ्याने मधोमध कापावा.

आधी सूर्यफूल आठवू या, कारण दोघांचे कुल एकच. सूर्यफुलाची तबकडी म्हणजे शेकडो लहान फुलांची एक वसाहत असते आणि त्या साऱ्या वसाहतीभोवती हिरव्या छदांचे एकच कुंपण असते. या रचनेला स्तबक म्हणतात. करडई उटकटाऱ्याला आणखी जवळची. तिचे बोंडही तसेच, एका काटेरी कुंपणात पुष्कळ फुले.

उटकटाऱ्यात निराळाच प्रकार आहे. येथे प्रत्येक फुलाला स्वतःचे कुंपण असते. एक फूल, त्याभोवती त्याची छदे, असे एक पूर्ण स्तबक. अशी कितीतरी स्तबके एका गोल गाभ्यावर चहूबाजूंनी रोवलेली असतात आणि त्यांचा चेंडू बनतो. कापलेल्या चेंडूतून चिमट्याने एक तुकडा उपटून पाहिला की खाली केसांचा झुपका, त्यावर टोकदार छदे आणि मध्ये एकच नळीसारखे, पाच पाकळ्यांचे पांढुरके फूल दिसते. आमच्या सातवीतल्या एका मुलीने याला "एका चाळीत एकेकाचे वेगळे घर" म्हटले. मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे आवडले.

आणखी एक गंमत. सूर्यफूल कडेकडून आत फुलत जाते, तर हा चेंडू वरच्या टोकापासून फुलायला लागतो आणि फुले खाली खाली उमलत जातात. अर्धवट फुललेला चेंडू मिळाला तर हे स्पष्ट दिसते.

एकच फूल असलेली स्तबके आणि त्यांचा चेंडू, ही एकिनॉप्स प्रजातीची खूण. जगात हिच्या शंभरावर जाती आहेत. पॅलेस्टाईनच्या टेकड्यांवरही हिची एक निळी जात फुलते. तेव्हा प्रजाती कळली म्हणजे जात कळली असे नाही. आपल्या एकिनॅटस जातीची विशेष खूण अशी की, स्तबकांची काही आतली छदे लांब वाढून कडक काटे बनतात आणि चेंडूबाहेर शिंगांसारखी येतात. चेंडू तीन ते पाच सेंटिमीटरचा असतो. झाड बहुधा कमरेच्या खालीच राहते आणि बुंध्यापासूनच फांद्या फुटतात. खोडावर कापसासारखी पांढरी लव असते. पानाची कड खोलवर कातरलेली, टोकाटोकाला काटा, वरची बाजू हिरवी आणि खालची पांढरीफटक. पान उलटून पाहायला विसरू नका. निम्मी ओळख तिथेच होते.

सह्याद्रीच्या उंच, गवताळ उतारांवर मात्र याहून बरेच मोठे चेंडू आढळतात. त्या झाडाला अलीकडच्या काळात स्वतंत्र जात मानून एकिनॉप्स सह्याद्रिकस असे नाव मिळाले आहे. गडावर जाणाऱ्या तरुण मंडळींनी मोठा चेंडू पाहिला, तर तो उटकटाराच असे ठरवून टाकू नये. आणि तो तोडूही नये, फोटो पुरेसा आहे.

पोत्यातले सोबती

खरी ब्रह्मदंडी, म्हणजे ट्रायकोलेपिस, हीसुद्धा सूर्यफुलाच्याच कुलातली. पण तिचा चेंडू होत नाही. सडपातळ, गुळगुळीत खोड, त्यावर लव नाही. फांदीच्या टोकाला एकेकटे बोंड, त्यात पुष्कळ गुलाबी-जांभळी फुले आणि भोवती केसांसारखी बारीक, टोचरी छदे. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

पिवळा धोत्रा मात्र या कुलातला मुळीच नाही. तो अफूच्या कुलातला, मूळचा मेक्सिकोकडचा. पानावर पांढऱ्या शिरा, फूल पिवळेधमक, फळ लांबट आणि काटेरी, आत मोहरीसारखे काळे दाणे. देठ मोडा, पिवळा चीक येतो. उटकटाऱ्याला असा पिवळा चीक कधीही येत नाही. पोत्यात हे झाड सापडले तेव्हा मला सर्वांत जास्त काळजी वाटली, कारण ते विषारी आहे. मोहरीच्या तेलात त्याच्या बियांचे तेल मिसळल्यामुळे 1998 साली दिल्लीत अंगावर सूज येण्याची साथ पसरली आणि साठांहून अधिक माणसे दगावली. ब्रह्मदंडीच्या नावाखाली हे कुणाच्या काढ्यात गेले तर?

गोल चेंडूमुळे फसवणारी आणखी दोन झाडे आहेत. दीपमाळेचे काटेरी गोळे एकाच दांड्यावर थराथराने ओवलेले असतात, दांडा चौकोनी असतो आणि फुले नारिंगी. उटकटाऱ्याचा चेंडू नेहमी फांदीच्या टोकाला असतो, दांडा त्यातून आरपार जात नाही. दुसरी गोरखमुंडी. भात कापल्यावर ओलसर शेतात ती उगवते, चेंडू लहान, जांभळा आणि बिनकाट्याचा, चुरगळल्यावर उग्र वास. गंमत म्हणजे गोरखमुंडीचा चेंडूही अनेक लहान स्तबकांचाच बनलेला असतो, फक्त प्रत्येक स्तबकात एकाहून जास्त फुले असतात. सराटा आणि शंकेश्वर यांना काही जण गोखरू म्हणतात आणि उटकटाऱ्यालाही तेच नाव लावतात. पण सराटा जमिनीवर पसरतो आणि शंकेश्वराची बोंडे कपड्यांना चिकटतात, त्यामुळे ती वेगळी ओळखायला कष्ट पडत नाहीत.

आरोग्य केंद्रातली गोष्ट

हा धडा केवळ मजुरीपुरता नाही. उटकटाऱ्याचे मूळ बाळंतपण सुलभ व्हावे म्हणून वापरण्याची जुनी रीत आहे. काही ठिकाणी ते बाळंतिणीच्या केसांत किंवा कमरेला बांधतात, काही ठिकाणी उगाळून पोटात देतात. आमच्या सिस्टर बांधलेले मूळ कधी सोडायला लावत नाहीत. म्हाताऱ्या सुईणीचा मान राखून त्या एवढेच विचारतात, "आजी, हे पोटात दिलंत का? आणि हे नेमकं कुठलं झाड?" मूळ वाळले की खूण उरत नाही, कोणते कशाचे ते ओळखणे फार अवघड होते. म्हणून आम्ही दाईंना सांगतो की, गरोदर बाईला कोणतेही मूळ पोटात देऊ नये, आणि कुणी घेतलेच असेल तर त्याच झाडाची पानाफुलांसकट फांदी बाईबरोबर केंद्रात पाठवावी. फांदी असली तर डॉक्टरांना पुढचे ठरवता येते.

नमुना कसा ठेवावा

मुलींनी आता वाळवलेल्या नमुन्यांची वही सुरू केली आहे. पद्धत सोपी आहे. पाने, फूल आणि शक्य तर मूळ असलेली फांदी जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवायची, वर विटा ठेवायच्या आणि कागद रोज बदलायचा. चेंडू जाड असल्याने अख्खा दाबला जात नाही, त्याचे दोन भाग करून एक भाग दाबायचा. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, जमीन कशी आहे, झाड किती उंच, फुलाचा रंग आणि घरी त्याला काय म्हणतात ते लिहायचे. रंग त्याच दिवशी लिहावा, वाळल्यावर तो उडतो. भिली आणि पावरी बोलीतली नावे मुली आपापल्या आजीला विचारून लिहितात. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत अशी माहिती घालता येते, म्हणून आम्ही एक प्रत तिथेही देतो.

शंका उरली तर नमुना पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात तपासून घेता येतो. या सर्वेक्षणाचे संचालकपद एके काळी फादर सांतापाव या येशूसंघीय धर्मगुरूंनी सांभाळले होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रहही असाच एका फादरांच्या नावाने ओळखला जातो. आमच्या वहीतले नमुने अजून तितके नीटनेटके नाहीत.

बचत गटाच्या बायकांनी आपल्यापुरता एक उपाय काढला आहे. समाजमंदिराच्या भिंतीवर तीन फांद्या सुतळीने बांधून ठेवल्या आहेत: उटकटारा, ब्रह्मदंडी आणि पिवळा धोत्रा. तिसरीखाली कोळशाने फुली मारली आहे. व्यापाऱ्याने मागणी केली की त्या आधी त्याच्याकडून फांदी मागून घेतात आणि भिंतीवरच्या फांदीशी ताडून पाहतात. यंदा एक पोते विकले गेले. मुळे उपटताना दर टेकडीवर निम्मी झाडे बी पडेपर्यंत राखायची, असेही त्यांनी आपसात ठरवले आहे.

आमच्या वहीतल्या उटकटाऱ्याच्या नमुन्याला खालची पाने नाहीत, ती गुरांनी तुडवली होती. नाताळची सुट्टी संपली की मुली पुन्हा टेकडीवर जाऊन नवा नमुना आणणार आहेत.