टाळ आवरण्याची कला

आपल्या भंडारा जिल्ह्यात भजनी मंडळ नाही असे गाव क्वचितच सापडेल. मारुतीच्या देवळात संध्याकाळी ढोलकी बसते, पेटी उघडते आणि खुंटीवरचे टाळ खाली येतात. पेटी शिकायला गुरू लागतो, ढोलकीला हात तयार करावा लागतो. टाळ मात्र कोणीही उचलावा आणि वाजवावा, असा आपला समज आहे. मीही असाच टाळकरी झालो. पाच वर्षे वाजविल्यावर मला कळले, की टाळ वाजविणे सोपे असले तरी तो हळू वाजविणे सोपे नाही. प्रस्तुत लेखात त्याच विषयाचा थोडा विचार करावयाचा आहे.

निमित्त असे घडले. पवनी तालुक्यातील आमच्या गावचे भजनीबुवा आता सत्तरीपलीकडे गेले आहेत. त्यांना शेकडो अभंग पाठ आहेत. त्यांतील पुष्कळांच्या चाली कोठेही लिहिलेल्या नाहीत. गेल्या कार्तिकात ते एका अभंगाचे शेवटचे चरण न म्हणताच थांबू लागले. आम्हांला वाटले, विस्मरण झाले असेल. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "बाबू, टार वाजव, पन सब्दाले जागा ठेव." विस्मरण झालेच नव्हते. आमच्या सहा टाळांपुढे त्यांचा आवाज टिकत नव्हता, म्हणून ते गाणे आखडते घेत होते. टाळ असेच वाजत राहिले असते, तर त्या चाली त्यांच्याबरोबरच गेल्या असत्या.

टाळ शब्दांना का झाकतो? पहिले कारण धातूचे. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु पितळ आणि कांसे यांत फरक आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त, तर कांसे म्हणजे तांबे व कथील. ज्यात कथील सुमारे पाचवा हिस्सा असते असे कांसे कठीण आणि ठिसूळ असते व त्याचा नाद फार वेळ टिकतो. म्हणूनच घंटा कांशाची ओततात. ढोलकीची थाप उमटते आणि लगेच विझते. टाळाचा नाद मात्र पुढच्या ठोक्यापर्यंत रेंगाळतो, त्यामुळे दोन ठोक्यांमधली शब्दांची जागाही तो व्यापतो.

दुसरे कारण कानाचे. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २००० ते ५००० कंपनांच्या आवाजाला सर्वांत जास्त तीक्ष्ण असतो. टाळाची किणकिण बरीचशी याच पट्ट्यात येते. आणि स, च, त यांसारखी शब्दांना धार देणारी व्यंजनेही तेथेच असतात. म्हणून टाळांच्या गजरात गायकाचा सूर ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत.

मग टाळकरी कमी करावेत काय? येथे गणित मनोरंजक आहे. आवाजाची पातळी डेसिबलमध्ये मोजतात. सारख्या जोराने वाजणाऱ्या सहा टाळांपैकी तीन थांबविले तर पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते. आवाज कानाला निम्मा वाटावा यासाठी ती सुमारे १० डेसिबलने उतरावी लागते. म्हणजे माणसे उठविण्यापेक्षा हात आवरणे अधिक फलदायी. शिवाय टाळ काढून घेतलेल्या माणसाचे मन दुखावते, ते वेगळेच.

आम्ही तीन महिने जे प्रयोग केले, ते क्रमाने देतो.

पहिला, अंतर. ठोक्याचा जोर हाताच्या वेगावर असतो. दोन टाळांमध्ये वीतभर अंतर ठेवले तर हात वेग घेतोच. ते दोन बोटांवर आणावे; लय बिघडत नाही.

दुसरा, दोरी. दोरी लांब धरली की टाळ मोकळा झुलतो आणि घणघणतो. दोरी आखूड धरून बोटे टाळाच्या पाठीला टेकवावीत. कंपने बोटांत जिरतात व नाद लवकर विझतो.

तिसरा, मिटता ठोका. टाळ आपटून दूर न नेता क्षणभर एकमेकांवर टेकलेले ठेवावेत. 'टण्ण' ऐवजी 'टिक्' उमटते. चरण चालू असताना मिटता ठोका व ध्रुपदाला मोकळा, असा नियम आम्ही केला.

चौथा, मात्रा. केरव्याच्या आठ मात्रांत प्रत्येक मात्रेला ठोका हवाच असे नाही. चरण म्हणताना पहिली व पाचवी पुरे.

पाचवा, बैठक. उघड्यावर अंतर दुप्पट केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. देवळात भिंतींमुळे इतकी नाही. तरी टाळकऱ्यांनी बुवांच्या कानाशी न बसता मागे बसावे व ध्वनिक्षेपकापासून दूर राहावे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ड्रमवादकांपुढेही झांजांचा हाच प्रश्न आहे. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सुरू झालेले झिल्जन घराणे झांजांसाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच नावाची कंपनी आज अमेरिकेत सरावासाठी बारीक भोकांच्या, कमी आवाजाच्या झांजाही बनविते. कोणी हलकी काठी घेतो, कोणी झांजेच्या खालून चिकटपट्टी लावतो. उपाय निराळे, तत्त्व एकच : जोर कमी करा किंवा कंपन लवकर जिरवा.

कानांचाही विचार हवा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते; पुढे प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९४ डेसिबलला एकच तास उरतो. सप्ताहात रात्रभर टाळांच्या मध्ये बसणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, भजनात गजर नको तर काय हवे? राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीवर भजने म्हणून विदर्भातील खेडी जागी केली. खंजिरीलाही झांजा असतातच; पण लोक जमत ते भजनातला उपदेश ऐकायला. गजर हवाच, पण त्याच्या वेळी.

माघात बुवांनी तो अभंग शेवटच्या चरणापर्यंत म्हटला. मागच्या रांगेतील एका मुलाने तो वहीत उतरून घेतला. आमचे सहाही टाळ तेव्हा वाजत होते.