दुखणं येण्याआधीची तयारी

संग्रामपूर-जळगाव जामोद तालुक्यांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, किडनीच्या आजाराचं घर शोधावं लागत नाही. आमचंही त्यातलंच. मोठ्या भावाला धाप लागली म्हणून रात्री शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. दारावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फलक होता. आत उत्तर मिळालं, "योजना हाडांच्या ऑपरेशनला आहे, किडनीला नाही. अ‍ॅडव्हान्स भरा." भाऊ त्या अवस्थेतही म्हणत होता, "पेरनीच्या पैशाले हात नोको लावू." हात लावावाच लागला.

म्हणून कळकळीनं सांगतो. दवाखाना योजनेत आहे का एवढंच विचारू नका, या आजारासाठी आहे का ते विचारा. निघण्याआधी योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर खात्री करा. पोचल्यावर पैसे भरण्याच्या खिडकीआधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. तातडीच्या रुग्णाची मंजुरी फोनवरूनही घेता येते, हे आपणहून कुणी सांगत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे घरात सगळे धडधाकट असतानाच बघा.

२०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आज सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. तिनं माणसं वाचवली आहेत. पण कार्ड वाटायला महिने लागतात आणि किडनीचा डॉक्टर घडायला वर्षं. पैसा रुग्णामागे जातो, रुग्ण शहरामागे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. उपचार फुकट झाला तरी दरवेळचं गाडीभाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी घरातूनच जाते. यावरचा उपाय नवा नाही: आरोग्यव्यवस्थेसाठीच्या भोर समितीनं १९४६ मध्येच गावाजवळच्या आरोग्य केंद्रांवर भर दिला होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. ते साधलं नाही. सुधारणा अडते ती इथे, आणि तिची किंमत संग्रामपुरातला माणूस मोजतो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी-उपचार मोफत आहेत. बीपी, साखर असेल तर क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी तिथे वेळोवेळी करून घ्या; पायावर सूज येईपर्यंत थांबू नका. आणि ग्रामसभेत विचारा: तालुक्यात डायलिसिसची यंत्रं किती, चालू किती, तंत्रज्ञाची जागा भरली आहे का? उत्तर लेखी मागा, आणि पुढच्या सभेत तोच कागद पुन्हा काढा.