एकच गोष्ट, दोन लिपींत

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा धाकटा भाऊ मराठी माध्यमात चौथीत होता. गणिताची आम्हांस फारशी चिंता नव्हती. चिंता होती ती कन्नडची. घरी मराठी, गल्लीत मराठी, आणि कन्नड केवळ वर्गातल्या फळ्यावर. तो फळाच आता दिसेनासा झाला. शिकवणी लावण्याची ऐपत नव्हती. घरात वडिलांचा एक मोबाईल, तोही रात्रीच हाती लागणारा.

विनामूल्य साहित्य शोधू लागलो तेव्हा ध्यानी आले की तुटवडा साहित्याचा नाही, निवडीचा आहे. कर्नाटकाची पाठ्यपुस्तके, मराठी माध्यमाचीसुद्धा, संकेतस्थळावर मिळतात. बालभारतीचीही मिळतात. केंद्र शासनाचे 'दीक्षा' २०१७ पासून आहे. परंतु ज्या मुलाला पुस्तकातला धडाच जड जातो, त्याला तोच धडा पडद्यावर दाखवून काय साधणार?

उपयोगी पडले ते प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेले 'स्टोरीवीव्हर'. तेथील चित्रकथा कोणीही फुकट वाचाव्यात, उतरवून घ्याव्यात, छापाव्यात, भाषांतरही करावे, अशी मोकळीक आहे. कथांच्या चार पायऱ्या आहेत. आम्ही पहिलीवरच राहिलो. आमच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की तीच कथा, तीच चित्रे मराठीतही सापडतात आणि कन्नडातही. दोन्ही प्रती उतरवून ठेवल्या की पुन्हा पैसे मोजून जोडणी घ्यावी लागत नाही.

मराठी व कन्नड ही वेगळ्या कुळांतली भाषा, तरी वाक्याची बैठक एकच. 'मुलगा घरी गेला' आणि 'हुडुगनु मनेगे होदनु' ही वाक्ये शब्दाखाली शब्द ठेवून वाचता येतात. इंग्रजीशी हे जमत नाही. भाऊ आधी मराठी पान वाची, मग कन्नड पानावर बोट ठेवून 'घरी' कुठे दडले आहे ते शोधी. अक्षरे ओळखण्याचा कंटाळा या लपंडावात गेला.

चुकाही बोलक्या होत्या. 'कुत्रा आला' याचे त्याने 'नायि बंदनु' केले. मराठीत कुत्रा पुल्लिंगी, म्हणून! कन्नडात 'बंदनु' माणसाला किंवा देवाला, कुत्र्याला 'बंतु'. नियम पाठ करून जे डोक्यात शिरले नव्हते ते चित्रातल्या कुत्र्याने शिकवले.

एके ठिकाणी मात्र पडदा तोकडा पडला. कन्नडात ए आणि ओ हे ऱ्हस्वही आहेत, दीर्घही. ऱ्हस्व 'कोडु' म्हणजे दे, दीर्घ 'कोडु' म्हणजे शिंग. लिपीत फरक दिसतो, पण आमच्या कानाला तो कळेना. शेवटी शेजारच्या कन्नडभाषिक अक्कांना ओट्यावर बसवून वाचायला लावले. त्या खळखळून हसल्या, "शिंग मागतोस काय रे!" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच हाक मारू लागल्या.

भाषांतर कोणालाही करता येते, त्यामुळे सर्वच कथांची भाषा सारखी नाही. काही मराठी वाक्ये मला ओबडधोबड वाटली. कन्नडची पारख अक्कांनी केली. त्यांनी दोन कथा सरळ बाजूला ठेवल्या. उरलेल्यांपैकी एक भावाने वहीत कन्नडात पुन्हा लिहून काढली. अक्कांच्या लाल पेन्सिलीच्या सात खुणा तीत आहेत, आणि ती वही त्याने अजून टाकलेली नाही.