मोबाईल पोरांच्या हाती देताना



एरवी या सदरातून आम्ही बेणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. करकंब गटात ऊस नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना ओसरीवर मोबाईलमध्ये मान घालून बसलेलं पोर दिसलं नाही, असं घर आता विरळाच. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० साली करोनामुळे शाळाच मोबाईलवर आली. पुढे शाळा पुन्हा वर्गात भरू लागली, मोबाईल मात्र पोरांच्या हातात राहिला. त्यातून पुष्कळ घरी चांगला मोबाईल एकच. ऊसबिल जमा झाल्याचा संदेश, बँकेचा ओटीपी आणि पोरांचा खेळ, सारे त्याच एका यंत्रात.

आमच्याच घरचा दाखला देतो. मागच्या गाळप हंगामात आम्हाला घरी यायला रोज रात्र व्हायची. आमची सातवीतली मुलगी मोबाईलवरच्या एका खेळात कुणा अनोळखी ‘ताई’शी बोलू लागली. महिनाभर गोड बोलणे झाले. मग ताईने शाळेचे नाव विचारले, नंतर फोटो मागितला. पोरीने साधा फोटो पाठवला. तेव्हा आणखी फोटो हवेत, नाहीतर तुझ्या वडिलांना सगळं सांगते, अशी धमकी सुरू झाली. पोरीचं जेवण तुटलं. परीक्षेची धास्ती असेल, असे आम्ही समजलो. तीन आठवड्यांनी तिने आजीजवळ तोंड उघडले. आम्ही विचारले, “अगं, आम्हाला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “पप्पा, तुम्हीच म्हणाला होता ना, परत तक्रार आली तर मोबाईल फोडून टाकीन म्हणून.”

बोल आमचेच होते. धमकी देणाऱ्याचा सगळा भरवसा पोर घरी बोलणार नाही यावरच असतो, आणि तो भरवसा आम्हीच त्याला मिळवून दिला होता.

शेतातही असेच घडते. उसात काणीचा पट्टा दिसला तरी साहेब बोलतील म्हणून काही सभासद कळवत नाहीत. पहिल्या दिवशी पट्ट्यावर पिशवी घालून तो कापला आणि बेट उपटून जाळले, तर प्लॉट वाचतो. लपवला तर शेजारच्याच्या उसातही काणी जाते. म्हणून घरातला पहिला नियम हा, की पोराने येऊन सांगितले तर त्याला शिक्षा नाही. त्याची चूक असली तरी नाही. हे त्याला आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

त्याबरोबर पुढील व्यवस्था करावी.

१) बँकेच्या आणि पैसे पाठवण्याच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे. यूपीआय पिन पोरांना सांगू नये. पैसे यायला पिन लागत नाही, तो फक्त पैसे द्यायला लागतो, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे. खेळात ‘फुकट डायमंड’ देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला तर तो चोर समजावा.

२) प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सोय करावी.

३) मुलाला स्वतंत्र मोबाईल असेल तर गुगलचे ‘फॅमिली लिंक’ हे मोफत ॲप बसवावे. कोणते ॲप घ्यायचे आणि किती वेळ वापरायचे, हे पालकाला त्यातून ठरवता येते.

४) मोबाईल ओसरीत किंवा स्वयंपाकघरात, चारचौघांत वापरावा. रात्री तो वडीलधाऱ्यांच्या उशाशी असावा.

५) नाव, गाव, शाळा, गणवेशातला फोटो अनोळखी माणसाला पाठवू नये. पलीकडची ‘ताई’ खरोखर ताईच आहे, हे पडद्यावरून कळत नाही.

एवढे करूनही प्रसंग आलाच, तर पैसे देऊ नयेत आणि संदेश पुसू नयेत. पडद्याचे फोटो काढून ठेवावेत, नंबर किंवा खात्याचे नाव टिपून घ्यावे आणि मगच त्याला ब्लॉक करावे. पैसे गेले असतील तर तडक १९३० या क्रमांकावर कळवावे. तिथे वेळेला फार किंमत आहे. मुलांच्या कोणत्याही संकटासाठी १०९८ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बदनामीच्या भीतीने पुष्कळ जण पोलिसांत जात नाहीत. त्यांनी २०१२ चा पोक्सो कायदा समजून घ्यावा. अठरा वर्षांखालील मुलाला फोटोवरून अशी अश्लील धमकी देणे हा त्यात गुन्हा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी तो घेते, आणि त्या वेळी अंगावर गणवेश नसतो. मुलाची ओळख वर्तमानपत्राने छापणे हाही गुन्हाच. आम्ही तक्रार दिली. पोरगी आता नीट जेवते, शाळेला जाते.

शेवटी एक उदाहरण. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव हे आपल्यासारखेच ऊसकरी गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ग्रामपंचायतीने ठरवून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद. सुरुवातीला लोक हसले. आशाताई, अंगणवाडी सेविका घरोघर फिरल्या, तेव्हा ते मार्गी लागले. त्यातला मुद्दा हा, की मोबाईल मोठ्यांनीही खाली ठेवायचा होता. आपण स्वतः मान वर केली नाही, तर पोराचा उतरलेला चेहरा आपल्याला दिसणार कसा?

भोंगा नसला तरी आपल्या घरी जेवणाचा अर्धा तास तरी असा ठेवावा, आणि त्या वेळी पोरांना आज काय काय झालं ते विचारावं. मोबाईलमधील ही कुलपे ज्यांना लावता येत नाहीत, त्यांनी करकंब गट कार्यालयात यावे. ती लावून देण्याची व्यवस्था आम्ही करू.