फार म्हणजे किती?

मुलांनो, ‘काल फार पाऊस पडला,’ असे आपण पावसाळ्यात कितीदा तरी म्हणतो. पण फार म्हणजे किती, असे कोणी विचारले तर? घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्या मुलाला गल्लीत घोटाभर पाणी आले तरी ते फार वाटेल. अंधेरीच्या सबवेजवळ राहणाऱ्याला त्याचे नवल वाटणार नाही.

‘फार’, ‘अतिशय’, ‘अगदी’, ‘किंचित’ ही परिमाणवाचक क्रियाविशेषणे होत. गोष्ट कमी की अधिक एवढे ती सांगतात. मोजून मात्र देत नाहीत. इंग्रजीतील ‘व्हेरी’ हा शब्द याच कुळातला. पण त्याची चाल निराळी आहे. आपला ‘फार’ विशेषणाजवळ बसतो, तसा क्रियापदाजवळही बसतो : ‘फार मोठा पाऊस’, ‘पाऊस फार पडला’. ‘व्हेरी’ला क्रियापदाजवळ एकट्याने जाता येत नाही, ‘मच’ किंवा ‘हेव्हिली’ असा एखादा सोबती बरोबर न्यावा लागतो. ‘इट व्हेरी रेन्ड’ असे लिहिणाऱ्याच्या वहीत तांबडी रेघ उमटते ती याचमुळे.

अशा सैल शब्दांनाही एका ठिकाणी काटेकोर माप लावलेले आहे. ते ठिकाण म्हणजे भारतीय हवामान विभागाचे पत्रक. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला, तर तो मुसळधार. ११५.६ पासून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार; इंग्रजी पत्रकात ‘व्हेरी’ येतो तो येथेच. त्याच्याही पुढे गेला, की अत्यंत मुसळधार. बोलताना आपण ‘अति’ आणि ‘अत्यंत’ यांत भेद करीत नाही. येथे मात्र एका शब्दाच्या फरकाने पाऊस दुसऱ्या वर्गात जातो, आणि तो शब्द नीट न ऐकणारा माणूस अडचणीत येऊ शकतो.

२६ जुलै २००५ चा दिवस घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजेपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ते पाणी वाहून न जाता, न मुरता जागीच साठले असते, तर तुमच्या कमरेपर्यंत आले असते. ‘अत्यंत मुसळधार’ जेथे सुरू होतो, त्याच्या साडेचार पटींहून हा पाऊस अधिक. मिठी नदीला पूर आला, लोकलगाड्या थांबल्या, असंख्य माणसे पाण्यातून वाट काढीत घराकडे निघाली. शेकडो माणसे प्राणास मुकली.

त्याच चोवीस तासांत, त्याच मुंबईच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यास पाऊस झाला सुमारे ७४ मिलिमीटर. पत्रकाच्या मापाने तो नुसता ‘मुसळधार’. संध्याकाळी कुलाब्यातला माणूस म्हणाला असेल, ‘आज फार पाऊस झाला.’ अंधेरीतला माणूसही तेच म्हणाला असेल. व्याकरणाच्या दृष्टीने दोघांचेही वाक्य शुद्धच होते.