खेळांतील जगाची जपणूक

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ आमच्या बालवाचकांच्या परिचयाचा आहे. २०११ सालीं पूर्ण रूपानें प्रसिद्ध झालेल्या ह्या खेळांत मुलें महिनोन्महिने खपून घरें व किल्ले उभारितात. तें श्रमाचें जग बिघडल्यास काय करावें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

खेळाच्या जावा आवृत्तींत प्रत्येक जग संगणकावरील एका फोल्डरांत सांठविलेलें असतें. ‘लेव्हल.डॅट’ या फाइलींत जगाची सर्वसाधारण माहिती असते. जमीन व इमारती ‘रीजन’ फायलींत असून प्रत्येकींत ५१२ × ५१२ ठोकळ्यांचा मुलूख मावतो.

‘मॉड’ म्हणजे इतरांनीं रचलेली जोड. ती लाविल्यानें नवे ठोकळे मिळतात. परंतु ती काढून तेंच जग पुन्हां उघडलें, तर ते ठोकळे नाहींसे होतात. लिहिणें चालू असतां वीज गेल्यास फाइलहि अर्धवट राहते.

अशा वेळीं प्रथम खेळ बंद करून बिघडलेल्या फोल्डरचीहि प्रत काढावी. कारण दुरुस्ती चुकल्यास उरलेलेंहि जातें. नंतर ‘लेव्हल.डॅट’ बिघडली असल्यास शेजारची ‘लेव्हल.डॅट_ओल्ड’ ही मागील प्रत नांव बदलून तिच्या जागीं ठेवावी. रीजन फाइल बिघडल्यास ती जुन्या प्रतींतूनच आणावी लागते. प्रत नसेल, तर बिघडलेली फाइल काढल्यावर जमीन नव्यानें उत्पन्न होते, पण तीवरील घर परत येत नाहीं.

म्हणून मॉड घालण्यापूर्वीं व काढण्यापूर्वीं संपूर्ण फोल्डरची प्रत, तारीख घालून, दुसऱ्या डिस्कवर ठेवावी व ती उघडते कीं नाहीं हें पहावें. ही संवय पालकांनीं मुलांस लावावी, अशी आमची विनंति आहे.